बेसबॉलच्या चोपडीतले चमत्कार

बेसबॉलच्या एका सामन्यात एका संघातल्या प्रत्येकाची फलंदाजीची सरासरी सामन्याआधी जेवढी होती तेवढीच सामन्यानंतर राहिली. सगळे खेळले, सगळ्यांनी बॅट फिरवली, तरी कुणाच्या आकड्यात तसूभर फरक नाही. सामना कोणता? अमेरिकेतल्या शौकिनांमध्ये हे कोडं पिढ्यानपिढ्या चालत आलं आहे. त्याचं उत्तर १६ एप्रिल १९४० या तारखेत आहे. हंगामाचा पहिला दिवस, शिकागोचं कोमिस्की पार्क, आणि क्लीव्हलँडचा एकवीस वर्षांचा पिचर बॉब फेलर. त्याने शिकागो व्हाइट सॉक्सला एकही हिट मिळू दिली नाही आणि क्लीव्हलँडने सामना १-० असा जिंकला. हंगाम सुरू होताना सगळे शून्यावर होते, दिवस संपल्यावरही शून्यावरच. त्यावरही एखादा चोखंदळ गृहस्थ हात वर करतोच. एकही चेंडू खेळलेला नसताना शून्य भागिले शून्य याला सरासरी म्हणायचं कसं? म्हटलं तर त्याचं बरोबर आहे, पण अशा माणसाला कुणी दुसऱ्यांदा चहाला बोलावत नाही.

गेल्या दीडशे वर्षांत अशा चमत्कारिक आकड्यांचा ढीग साचला आहे. त्यातले बरेचसे निव्वळ योगायोग. काही संगणकाने चाळून काढलेले, ऐकून दोन मिनिटांत विसरण्याजोगे. उरलेले थोडे मात्र असे, की आकडा जरा खरवडला की खालून एखादा नियम, कुणाचा लोभ, कुणाचा हट्ट नाहीतर लेखनिकाची डुलकी बाहेर येते. माझं मत विचाराल तर जपून ठेवावेत ते हेच.

क्रिकेट पाहणाऱ्याला पुढचं कळायला एवढं पुरे: सामना नऊ डावांचा, दर डावात प्रत्येक संघाचे तीन गडी बाद होईपर्यंत फलंदाजी. चेंडू मारून किमान पहिल्या बेसवर सुखरूप पोचणं म्हणजे हिट. पिचरने, म्हणजे गोलंदाजाने, चार चेंडू कक्षेबाहेर टाकले तर फुकटात पहिला बेस, तो वॉक. सरासरी म्हणजे हिटना संधींनी भागून आलेला दशांश, ०.३०० असली की खेळाडू चांगला, ०.४०० असली की दंतकथा. नो-हिटर म्हणजे समोरच्या संघाला एकही हिट नाही. परफेक्ट गेम म्हणजे त्याहून कडक: सत्तावीस आले, सत्तावीस बाद, पहिल्या बेसचं दर्शन कुणालाच नाही. १८७६ पासून आजवर असे परफेक्ट गेम फक्त २४ झाले आहेत.

या हिशेबाचा पाया घातला तो क्रिकेटच्याच बातमीदाराने. हेन्री चॅडविक १८२४ मध्ये इंग्लंडमधल्या एक्झेटरला जन्मला आणि लहानपणीच कुटुंबाबरोबर न्यूयॉर्कला आला. तिथल्या वर्तमानपत्रांसाठी तो क्रिकेटच्या सामन्यांवर लिहायचा. १८५६ मध्ये होबोकनच्या मैदानावर त्याने बेसबॉल पाहिलं आणि तो त्याच खेळाचा झाला. क्रिकेटच्या धावफलकावरून त्याने बेसबॉलचा बॉक्स स्कोअर बेतला. कुणी किती हिट मारल्या, कुणी किती गडी बाद केले, चूक कुणाची, हे सगळं एका चौकटीत. स्ट्राइकआउटसाठी, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन फलंदाज बाद होण्यासाठी, ‘के’ हे अक्षर त्यानेच रुजवलं आणि आजही पिचर जोरात असला की प्रेक्षक कठड्यावर एकेक ‘के’ टांगत जातात. १९३८ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली. गंमत अशी की हे हॉल ऑफ फेम कूपरस्टाउनला आहे. का, तर अ‍ॅबनर डबलडे नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८३९ मध्ये त्या गावात बेसबॉल शोधून काढलं, असा निर्वाळा १९०७ मध्ये एका समितीने दिला म्हणून. ती कथा साफ खोटी आहे. हा खेळ इंग्लिश राउंडर्समधून आला, असं चॅडविक जन्मभर ओरडून सांगत होता. आकड्यांच्या या पंढरीची वीटच मुळात एका चुकीच्या नोंदीवर उभी आहे.

बॉक्स स्कोअरचं खरं सौंदर्य त्याच्या ताळ्यात आहे. संघाचे जितके जण फलंदाजीला आले, त्या प्रत्येकाचं काहीतरी झालंच पाहिजे. एक तर त्याने धाव काढली, नाहीतर तो बाद झाला, नाहीतर डाव संपताना बेसवर अडकून राहिला. चौथी वाट नाही. म्हणून आलेल्या फलंदाजांची बेरीज ही धावा, अडकलेले आणि बाद झालेले यांच्या बेरजेइतकी यायलाच हवी. जुळली नाही तर कुठेतरी चूक आहे. खुद्द नियमपुस्तकात हा ताळा दिलेला आहे. वाण्याच्या कीर्द-खतावणीसारखं हे जमा-खर्चाचं गणित आहे आणि म्हणूनच शंभर वर्षांपूर्वीच्या सामन्यातली चूक आज घरबसल्या सापडू शकते. दुसऱ्या कुठल्या खेळात असा ताळा इतक्या लवकर रुजला असेल, असं मला वाटत नाही.

त्यात खेळाचा पसारा अवाढव्य. तीस संघ, प्रत्येकी १६२ सामने, म्हणजे हंगामात २४३० सामने. सामन्यामागे साधारण पाऊणशे वेळा कुणी ना कुणी बॅट घेऊन उभं राहतं. वर्षाला पावणेदोन लाखांहून जास्त घटना, प्रत्येक सुटी, प्रत्येक नोंदलेली. एवढ्या वेळा फासे टाकले की अशक्य वाटणारी दानं पडणारच. फर्नांडो टाटिस हे त्यातलं नामी उदाहरण. होमरन म्हणजे चेंडू कुंपणापलीकडे धाडणारा फटका. तिन्ही बेस भरलेले असताना तो मारला की चार धावा मिळतात, त्याला ग्रँड स्लॅम म्हणतात. सेंट लुइस कार्डिनल्सच्या या खेळाडूने २३ एप्रिल १९९९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये एकाच डावात दोन ग्रँड स्लॅम मारले, तेही चान हो पार्क या एकाच पिचरला. असं आधी कधी झालं नव्हतं, नंतरही नाही. ऐकायला झकास. पण यात गोष्ट काय? पार्कला त्या डावात मैदानावर ठेवणाऱ्या व्यवस्थापकाचा धीर, एवढीच.

याच जातीतला पण वरच्या पायरीवरचा विक्रम जो डिमॅजिओचा. १५ मे ते १६ जुलै १९४१ या काळात न्यूयॉर्क यांकीजच्या या खेळाडूने सलग ५६ सामन्यांत किमान एक हिट मारली. नोबेल मिळवलेले पदार्थवैज्ञानिक एडवर्ड पर्सेल यांनी बेसबॉलमधल्या सगळ्या सलगतांचं गणित मांडून पाहिलं. त्यांच्या मते संभाव्यतेच्या हिशेबात न बसणारी घटना एकच, ती म्हणजे डिमॅजिओची ही मालिका. स्टीफन जे गूल्ड या जीवशास्त्रज्ञाने त्यावर १९८८ मध्ये गाजलेला निबंध लिहिला. पुढे २००८ मध्ये सॅम्युअल आर्ब्समन आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी संगणकावर बेसबॉलचा सगळा इतिहास दहा हजार वेळा नव्याने खेळवला. त्यातल्या सुमारे ४२ टक्के इतिहासांत कुणीतरी ५६ किंवा त्याहून लांब मालिका केली. म्हणजे हा विक्रम कुणाच्या तरी नावावर लागणं काही आभाळ फाटण्यासारखं नव्हतं, तो डिमॅजिओच्या नावावर लागला हे मात्र विशेष.

मला या वादापेक्षा त्या ५६ सामन्यांच्या कडेकोपऱ्यात जास्त रस आहे. तिसाव्या सामन्यात त्याने मारलेला साधा चेंडू वेडावाकडा उसळून शिकागोच्या लूक अ‍ॅपलिंगच्या खांद्यावर आदळला. ही क्षेत्ररक्षकाची चूक की फलंदाजाची हिट, हे ठरवायचं अधिकृत स्कोअररने. त्याने हिट दिली. उलट कौल दिला असता तर आज ५६ हा आकडा कुणाला पाठ नसता. १७ जुलैला क्लीव्हलँडमध्ये, ६७ हजारांहून जास्त प्रेक्षकांसमोर, केन केल्टनरने तिसऱ्या बेसजवळ दोन चेंडू उलट्या हाताने अडवले आणि मालिका तुटली. दुसऱ्या दिवशी डिमॅजिओने नवी मालिका सुरू केली, ती सोळा सामने चालली. म्हणजे ७३ सामन्यांपैकी ७२ सामन्यांत हिट. आणि याच ५६ सामन्यांच्या काळात बोस्टनच्या टेड विल्यम्सची सरासरी होती ०.४१२, डिमॅजिओची ०.४०८. हे ऐकून यांकीजचे चाहते विषय बदलतात.

विल्यम्सने त्या वर्षी हंगामाच्या शेवटच्या दिवशी जे केलं ते आकड्यातून सरळ दिसत नाही. सकाळी त्याची सरासरी होती ०.३९९५५. गोळाबेरीज केली तर ०.४०० भरत होती, तो बाकावर बसून राहिला असता तरी चाललं असतं. तो त्या दिवशीचे दोन्ही सामने खेळला, आठपैकी सहा हिट मारल्या आणि ०.४०६ वर थांबला. त्यानंतर ०.४०० कुणीही ओलांडलेली नाही, असं गेल्या शतकातली पुस्तकं सांगत आली. या वाक्यावर पुढे आणखी बोलायचं आहे.

बाकावर बसून राहण्याचा उलटा किस्सा १९१० चा आहे आणि माझ्या दृष्टीने बेसबॉलच्या आकडेशास्त्रातला तो सर्वांत खमंग. मोटारींचे कारखानदार ह्यू चामर्स यांनी जाहीर केलं की हंगामात सर्वांत जास्त सरासरी असणाऱ्याला मोटारगाडी बक्षीस. डेट्रॉइटचा टाय कॉब आणि क्लीव्हलँडचा नॅप लाजोई यांच्यात चुरस लागली. कॉब जबरदस्त खेळाडू, पण त्याच्याबद्दल चांगलं बोलणारा माणूस शोधावा लागे. लाजोई लोकांचा लाडका; क्लीव्हलँडच्या संघाला त्याच्याच नावावरून ‘नॅप्स’ म्हणत. आपण पुढे आहोत असा हिशेब करून कॉबने शेवटचे दोन सामने खेळायचंच टाळलं. इकडे ९ ऑक्टोबरला लाजोईचे सेंट लुइस ब्राउन्सबरोबर दोन सामने होते. ब्राउन्सचा व्यवस्थापक जॅक ओकॉनर याने तिसऱ्या बेसवरच्या रेड कॉरिडन या नवख्या पोराला मुद्दाम पार मागे उभं राहायला सांगितलं. लाजोईने इशारा ओळखला. पहिला फटका लांब गेला, तीन बेसचा. त्यानंतर तो बॅट नुसती आडवी धरून चेंडू तिसऱ्या बेसकडे टपकवत राहिला आणि आरामात पहिल्या बेसवर पोचत राहिला. दिवसअखेर आठ हिट. ब्राउन्सचा प्रशिक्षक हॅरी हॉवेल याने तर अधिकृत स्कोअररला निरोप पाठवला, की अमुक चेंडूची नोंद हिट अशी करा, नवा सूट शिवून देतो. स्कोअररने सूट नाकारला.

बोभाटा झाला. ओकॉनर आणि हॉवेल दोघांचीही हकालपट्टी झाली. लीगचे अध्यक्ष बॅन जॉन्सन यांनी हिशेब तपासून कॉब ०.३८५, लाजोई ०.३८४ असा निकाल दिला. चामर्स यांनी शहाणपणा करून दोघांनाही गाड्या दिल्या आणि जाहिरात दुप्पट झाली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. १९८१ मध्ये ‘द स्पोर्टिंग न्यूज’ने छापलं की १९१० च्या वहीत कॉबचा एक सामना दोनदा चढवलेला आहे. तीन संधी, दोन हिट, दोन वेळा. ती जादा नोंद काढली आणि बाकीच्या दुरुस्त्या केल्या की लाजोई ०.३८३ आणि कॉब ०.३८२. म्हणजे गाडीचा खरा मानकरी लाजोई. तेव्हाचे आयुक्त बोवी कून यांनी अधिकृत निकाल बदलायला नकार दिला. इतक्या वर्षांनी कशाला उकरायचं, हा त्यांचा सूर. कार्यालयांमध्ये आपण तो रोज ऐकतो.

पण दोन हिट कमी झाल्या की दुसऱ्या टोकाला भूकंप होतो. कॉबच्या कारकिर्दीतल्या हिट ४१९१ मानल्या जात, दुरुस्तीनंतर त्या ४१८९ झाल्या. हा विक्रम मोडला पीट रोझने. ११ सप्टेंबर १९८५ रोजी सिनसिनाटीत घरच्या प्रेक्षकांसमोर सॅन डिएगोच्या एरिक शोच्या चेंडूवर त्याने ४१९२ वी हिट मारली, खेळ थांबला, जल्लोष झाला. तारीखही अशी की १९२८ मध्ये त्याच दिवशी कॉब शेवटचा फलंदाजीला उतरला होता. खरा विक्रम मात्र तीन दिवस आधीच, ८ सप्टेंबरला, शिकागोत परक्या मैदानावर मोडला गेला होता. तोही अपघाताने. रोझ तेव्हा खेळाडूही होता आणि व्यवस्थापकही. डावखुरा पिचर असला की तो स्वतःला बसवायचा आणि त्या दिवशी शिकागोचा डावखुरा स्टीव्ह ट्राउट पिचिंग करणार होता. ट्राउट सायकलवरून पडला, त्याच्या जागी उजव्या हाताचा रेगी पॅटरसन आला, रोझने यादीत स्वतःचं नाव घातलं आणि ४१९० व ४१९१ या दोन हिट मारल्या. एकाच्या सायकलचा तोल गेला आणि इतिहास शिकागोत घडला. सोहळा झाला सिनसिनाटीत. आज बेसबॉल-रेफरन्स हे संकेतस्थळ कॉबच्या नावापुढे ४१८९ हाच आकडा दाखवतं.

भाऊसाहेब निंबाळकरांची गोष्ट ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला या प्रकाराचं नवल वाटणार नाही. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात ते काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ वर होते, ब्रॅडमनच्या ४५२ पासून नऊ धावा दूर. समोरच्या कप्तानाने सामनाच सोडून दिला. तिथेही आकडा फलंदाजाने नाही, दुसऱ्याच कुणीतरी ठरवला.

चुका दुरुस्त होतातही. शिकागो कब्जच्या हॅक विल्सनने १९३० मध्ये १९० धावा घडवून आणल्या, हे जवळजवळ सत्तर वर्षं पाठ केलं गेलं. १९९९ मध्ये संशोधकांना एक धाव दुसऱ्याच्या खात्यात गेलेली सापडली आणि विक्रम १९१ झाला. विल्सनला जाऊन तेव्हा पन्नास वर्षं लोटली होती. १८८४ मध्ये ‘ओल्ड हॉस’ रॅडबर्नने एका हंगामात ५९ सामने जिंकले की ६०, याची उत्तरं कोणतं पुस्तक उघडता त्यावर अवलंबून आहेत. कारण विजय कोणत्या पिचरच्या खात्यात घालायचा याचे नियमच तेव्हा पक्के नव्हते.

नियम नंतर पक्के होतात आणि मागे जाऊन लोकांचे विक्रम काढून घेतात. याचं सगळ्यात बोचरं उदाहरण पिट्सबर्गचा हार्वी हॅडिक्स. २६ मे १९५९, मिलवॉकी. त्याने समोरच्या ब्रेव्हज संघाचे पहिले छत्तीस फलंदाज ओळीने बाद केले. बारा डाव परफेक्ट. आजवर एका सामन्यात इतकं कुणी केलेलं नाही. पण त्याच्या संघालाही धाव होईना. समोरचा पिचर लू बर्डेट बारा हिट देऊनही धाव देत नव्हता. तेराव्या डावात क्षेत्ररक्षकाच्या चुकीने फेलिक्स मँटिया पहिल्या बेसवर गेला. परफेक्ट गेम तिथेच फिसकटला. पुढच्याने स्वतः बाद होऊन त्याला दुसऱ्या बेसवर नेलं, हँक अ‍ॅरनला मुद्दाम वॉक दिला आणि जो अ‍ॅडकॉकने चेंडू कुंपणापलीकडे मारला. मँटियाने धाव पूर्ण केली. अ‍ॅरनला वाटलं चेंडू आतच पडला, सामना संपला. तो बेस सोडून बाकाकडे वळला, अ‍ॅडकॉक त्याला ओलांडून पुढे गेला आणि नियमाप्रमाणे बाद ठरला. दुसऱ्या दिवशी लीगचे अध्यक्ष वॉरन जाइल्स यांनी होमरनचा डबल, म्हणजे दोन बेसचा फटका, केला आणि सामना १-० लावला. हॅडिक्स हरला. १९९१ मध्ये एका समितीने ठरवलं की सामना संपेपर्यंत हिट मिळाली नसेल तरच तो नो-हिटर. त्या फटक्यात पन्नासेक जुने सामने यादीतून गेले, त्यात हॅडिक्सचा हा सामनाही. बारा डाव एकही माणूस बेसवर न पाठवणाऱ्याच्या नावावर साधा नो-हिटरही नाही!

याच समितीने अर्नी शोरचाही परफेक्ट गेम काढून घेतला. २३ जून १९१७ रोजी बोस्टनकडून पिचिंग सुरू करणाऱ्याने पहिल्याच फलंदाजाला वॉक दिला, पंचाशी भांडला, पंचाला ठोसा मारला आणि मैदानाबाहेर गेला. त्या गृहस्थाचं नाव बेब रूथ. त्याच्या जागी आलेला शोर स्थिरावतो तोच पहिल्या बेसवरचा माणूस दुसरा बेस चोरताना, म्हणजे फटका नसतानाच तिकडे पळताना, बाद झाला. मग शोरने उरलेले सव्वीस ओळीने बाद केले. आता याची नोंद दोघांचा मिळून नो-हिटर अशी आहे. चार चेंडू टाकून आणि एक ठोसा मारून रूथ त्यात भागीदार आहे.

समितीने एक भलं कामही केलं. १९६१ मध्ये रॉजर मॅरिसने ६१ होमरन मारून रूथचा १९२७ चा ६० चा विक्रम मोडला, पण तेव्हा हंगाम १५४ ऐवजी १६२ सामन्यांचा झाला होता. आयुक्त फोर्ड फ्रिक यांनी दोन विक्रम वेगवेगळे लिहायचं ठरवलं. फ्रिक एके काळी रूथच्या नावाने लेख लिहून देत असत, हे जाता जाता सांगितलेलं बरं. मॅरिसच्या आकड्यापुढे चांदणी छापली होती, असं सगळे सांगतात. अशी चांदणी अधिकृत पुस्तकात कधीच नव्हती. होत्या दोन वेगळ्या ओळी. १९९१ मध्ये त्या एक झाल्या. मॅरिस १९८५ मध्येच वारला होता.

मॅरिसच्या त्या हंगामात आणखी एक आकडा दडलेला आहे आणि तो मला ६१ पेक्षा बोलका वाटतो: त्याला वर्षभरात एकदाही मुद्दाम वॉक दिला गेला नाही. कारण त्याच्यामागे फलंदाजीला यायचा मिकी मँटल आणि मॅरिसला वॉक दिला तर पुढची गाठ त्याच्याशी. याच्याशेजारी बॅरी बाँड्सचं २००४ साल ठेवा. त्याला मुद्दाम दिलेले वॉक १२०. एकीकडे शून्य, दुसरीकडे एकशे वीस. पिचरच्या मनातली भीती इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कशातही मोजता येत नाही.

एकाच ओळीच्या कारकिर्दी हा शौकिनांचा लाडका खाऊ. १९६९ मध्ये मॅकमिलनने जाडजूड ‘बेसबॉल एन्सायक्लोपीडिया’ काढला आणि एकदाच खेळलेल्यांनाही त्यात ओळ मिळाली. कॅनडाचे कादंबरीकार डब्ल्यू. पी. किन्सेला यांना त्यात ‘मूनलाइट’ ग्रॅम हे नाव दिसलं: १९०५ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सकडून एक सामना, फलंदाजीची संधी शून्य. हा माणूस पुढे मिनेसोटातल्या चिझम गावात डॉक्टर झाला होता. किन्सेलांनी त्याला कादंबरीत घेतलं आणि तिच्यावर १९८९ चा ‘फील्ड ऑफ ड्रीम्स’ हा चित्रपट आला. जॉन पॅकोरेकची ओळ याच्या उलट: २९ सप्टेंबर १९६३, वय अठरा, तीन संधींत तीन हिट, दोन वॉक, चार धावा. पाठीच्या दुखण्याने तो पुन्हा मोठ्या लीगमध्ये खेळला नाही. सरासरी कायमची १.०००. वॉल्टर ऑल्स्टनला १९३६ मध्ये एकच संधी मिळाली, तो स्ट्राइकआउट झाला. मग तेवीस वर्षं डॉजर्सचा व्यवस्थापक राहून तो हॉल ऑफ फेममध्ये पोचला. आणि १९५१ मध्ये मालक बिल व्हेक यांनी साडेतीन फुटांहून थोड्याच जास्त उंचीच्या एडी गेडेलला एक अष्टमांश क्रमांकाचा शर्ट घालून मैदानात पाठवलं. पिचरला त्याची कक्षाच सापडेना. चार चेंडू, वॉक, कारकीर्द संपली. लोक हसले. मला मात्र त्यात माणसाची गंमत केल्याचा वास येतो आणि हा किस्सा मी कधी रंगवून सांगत नाही.

प्रवासाचे चमत्कार वेगळेच. ४ ऑगस्ट १९८२ रोजी जोएल यंगब्लडने दुपारी शिकागोत मेट्सकडून हिट मारली, सामना चालू असतानाच त्याला माँट्रियलला देऊन टाकल्याचं कळलं, तो विमानाने फिलाडेल्फियाला गेला आणि रात्री नव्या संघाकडून हिट मारली. एका दिवसात दोन शहरं, दोन संघ. वर दोन्ही पिचर, फर्ग्युसन जेंकिन्स आणि स्टीव्ह कार्लटन, हॉल ऑफ फेमचे. याच्यावर कुणी कडी करेल असं वाटत नव्हतं. मग डॅनी जॅन्सन आला. २६ जून २०२४ रोजी बोस्टनच्या फेनवे पार्कमध्ये तो टोरोंटोकडून फलंदाजी करत असताना पावसाने खेळ थांबला. जुलैमध्ये बोस्टनने त्यालाच विकत घेतलं. २६ ऑगस्टला तोच सामना तिथूनच पुढे सुरू झाला, तेव्हा बोस्टनचा कॅचर होता जॅन्सन, आणि टोरोंटोने जॅन्सनची अर्धवट राहिलेली फलंदाजी पूर्ण करायला दुसरा माणूस पाठवला. एकाच सामन्यात दोन्ही संघांकडून खेळलेला तो पहिला. हा मात्र अस्सल जिन्नस. पाऊस, खरेदी-विक्री आणि तहकुबीचा नियम तिन्ही एका ओळीत आल्याशिवाय तो घडत नाही.

निव्वळ योगायोगांतही काही देखणे आहेत, हे कबूल. स्टॅन म्युझिअलच्या ३६३० हिटपैकी १८१५ घरच्या मैदानावर आणि १८१५ बाहेर. हँक अ‍ॅरनच्या ३७७१ हिटमधून त्याच्या सगळ्या ७५५ होमरन वजा केल्या तरी तीन हजारांवर हिट उरतात. साय यंगच्या नावावर सर्वाधिक विजय, ५११, आणि सर्वाधिक पराभवही, ३१६. सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार त्याच्याच नावाने दिला जातो. तो पुरस्कार नोलन रायनला कधीच मिळाला नाही, सात नो-हिटर आणि ५७१४ स्ट्राइकआउट असूनही. कारण बहुधा त्याच्याच तिसऱ्या विक्रमात आहे: २७९५ वॉक. आणि १८९९ च्या क्लीव्हलँड स्पायडर्सचा विक्रम तर कुणाला मोडताच येणार नाही. मालकांचा सेंट लुइसमध्येही संघ होता. त्यांनी साय यंगसकट सगळे चांगले खेळाडू तिकडे हलवले. उरलेले परगावी १०१ सामने हरले. हल्ली परगावचे सामनेच ८१ असतात.

हे सगळं खणून काढणारे लोक कोण? १९७१ मध्ये बॉब डेव्हिड्स यांच्यासह सोळा जण कूपरस्टाउनला जमले आणि बेसबॉल संशोधनाची संस्था, सेबर, स्थापन झाली. कॅन्ससमध्ये डब्यांत शेंगा भरायच्या कारखान्यात रात्रीचा पहारा करणाऱ्या बिल जेम्सने १९७७ पासून स्वतःच्या खर्चाने आकड्यांच्या पुस्तिका काढल्या आणि संस्थेच्या नावावरून सेबरमेट्रिक्स हा शब्द बनवला. त्याचं पुढे काय झालं ते ‘मनीबॉल’ हा चित्रपट पाहिलेल्यांना ठाऊक आहे. माझ्या लेखी मात्र सगळ्यांत मोठं काम डेव्हिड स्मिथ या जीवशास्त्राच्या प्राध्यापकांचं. १९८९ मध्ये त्यांनी रेट्रोशीट सुरू केलं. संघांच्या कपाटांतून, जुन्या बातमीदारांच्या वह्यांतून फलंदाजागणिक नोंदी गोळा केल्या आणि सगळं फुकट खुलं केलं.

एक मोठी पोकळी तरीही होती. कृष्णवर्णीयांना १९४७ पर्यंत मोठ्या लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगमध्ये, प्रवेशच नव्हता. त्यांच्या निग्रो लीग वेगळ्या आणि त्यांच्या वह्या विस्कळीत. संशोधकांनी जुन्या वर्तमानपत्रांतले बॉक्स स्कोअर जुळवत वर्षं घालवली. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीगने १९२० ते १९४८ मधल्या सात निग्रो लीगना बरोबरीचा दर्जा दिला आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत वहीत चढले. त्या दिवशी कारकिर्दीच्या सरासरीत टाय कॉबच्या ०.३६७ च्या वर जॉश गिब्सन आला, ०.३७२ घेऊन. गिब्सनचीच १९४३ ची सरासरी ०.४६६ ठरली, म्हणजे विल्यम्सनंतर कुणी ०.४०० ओलांडली नाही हे वाक्यही गेलं. विली मेजच्या खात्यात १९४८ च्या दहा हिट जमा होऊन एकूण ३२९३ झाल्या. पुढच्याच महिन्यात मेज वारला.

त्या लीगचे हंगाम लहान होते, तुलना कशी करायची, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप गणिती आहे, पण अर्धवट. ज्या काळात कॉब खेळला त्या काळात देशातल्या उत्तम पिचरपैकी कितीतरी जणांना त्याच्यासमोर उभं राहायलाच बंदी होती. त्याचे आकडेही मग एका अर्थाने लहान हंगामाचेच.

आता वाईट बातमी. २०१५ पासून प्रत्येक चेंडूचा वेग, कोन, अंतर सगळं यंत्रं टिपतात आणि चमत्कार कारखान्यातून निघू लागले आहेत. पंचविशीच्या आतला, डावखुरा, मंगळवारी, दोन होमरन आणि एक चोरलेला बेस करणारा पहिला. अटी वाढवत गेलं की कुणीही पहिला होतो. हा प्रकार मला कंटाळवाणा वाटतो, कारण त्यात शोधणाऱ्याने काहीच शोधलेलं नसतं, फक्त चाळणीची भोकं बदललेली असतात. १९ सप्टेंबर २०२४ रोजी शोहेई ओटानीने सहापैकी सहा हिट, तीन होमरन, दोन चोरलेले बेस अशी कामगिरी करून एका हंगामात ५० होमरन आणि ५० चोरलेले बेस गाठणारा पहिला खेळाडू होऊन दाखवलं, त्याला असल्या अटी लावाव्या लागल्या नाहीत.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘इतिहासात पहिल्यांदाच’ म्हणून काही सांगितलं, तर आधी अटी मोजा. दोनांहून जास्त असतील तर सोडून द्या. कमी असतील तर तारीख विचारून घ्या, रेट्रोशीटवर तो सामना उघडा आणि आलेले फलंदाज, धावा, अडकलेले, बाद झालेले यांचा ताळा स्वतः घालून पाहा. त्याला पैसे पडत नाहीत.